पत्रावळीखालचा खडा

ते साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी. मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू होऊन दोन वर्षं उलटली होती, आणि तो मिटला की नुसता विरून गेला हे आमच्या बाजूला कुणालाच धड सांगता येत नव्हतं. काही माणसं गावी परत आली, काही तिथेच भाजीच्या गाड्या लावून राहिली. काहींचं काय झालं ते कळलंच नाही. कोंडवाडीच्या जाईबाईचा मुलगा सहदेव हा त्यातलाच. संपाच्या पहिल्या वर्षी गणपतीला येऊन गेला तो शेवटचा. पुढे ना पत्र, ना निरोप.

त्याची बायको हौसा तेव्हा असेल सव्वीस-सत्तावीस वर्षांची. पोरबाळ नाही. घरात ती आणि सासू. भात लावायचा तिनं, कापायचा तिनं, गुरं तिनं बघायची. वाडीतल्या बाया हळदीकुंकवाला आल्या की तिच्यापाशी हात जरा अडायचा, मग कुणीतरी पुढे होऊन बोट लावायचं. ते अडणं तिला कुंकवापेक्षा जास्त जाणवायचं. तिचा भाऊ भागोजी शिमग्याला येऊन बसला होता. दापोलीकडे एका आमराईत कामाला असलेला रामा नावाचा विधुर तिच्याशी लग्नाला तयार होता.

"पण गावकी विचारणार," भागोजी म्हणाला. "नवरा मेला म्हण, नायतर सोडलान म्हण. कायतरी एक सांग. ह्या मधल्या बाईचं कोण लगीन लावील गो?"

जाईबाई आतून म्हणाली, "माझा झील जिता हाय. कुंकू पुसायची बात माझ्या घरात नको."

एवढंच हौसाला हवं होतं. तो आहे की नाही. असला तर तिला ठेवतो की सोडतो. त्यानं काहीही म्हटलं असतं तरी तिला चाललं असतं.

त्या वैशाखात सावर्ड्याच्या सड्यावर समाजाचं मोठं अधिवेशन भरलं. मुंबईच्या सगळ्या शाखा खास बसगाड्या करून येणार होत्या. गावोगावच्या लोकांनी तांदूळ, नारळ, लाकडं दिली, बायकांनी पत्रावळी लावल्या. कातळावर नारळीच्या झापांचा मांडव उभा राहिला तो असा, की ह्या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचं माणूस ओळखू येऊ नये. स्वयंसेवक हवेत म्हणून वाडीत निरोप आला तेव्हा हौसानं पहिलं नाव दिलं. एवढी मुंबई एका मांडवाखाली जेवायला बसणार, त्यात सहदेव नसला तरी सहदेवला बघितलेलं कुणीतरी असेल.

जाईबाईला ते आवडलं नाही. "तिथं काय ठेवलाय? भाजावळीला फांद्यांची कवळं तोडायची राहिलीत," एवढंच म्हणाली.

स्वयंसेवकांचे प्रमुख सखाराम मास्तर. गळ्यात शिट्टी, खांद्यावर टॉवेल, आणि घसा पहिल्याच सकाळी बसलेला. त्यांनी बायांच्या पदराला रिबिनीचे बिल्ले टाचून कामं वाटली. पुरुषांच्या पंगतीत बाया वाढणार ह्यावर आधी कुरकुर झाली होती. वाढपी कमी पडले तशी ती बंद झाली.

"मास्तर, मला मीठ द्या," हौसा म्हणाली.

"मीठ? अगं, अशी दणकट बाई तू. भाताची टोपली घे. मीठ कुणीही म्हातारी वाढील."

तिच्या शेजारची तुळसा पदराचा बिल्ला सारखा करत म्हणाली, "द्या वो तिला मीठच. भाताची टोपली दिलात तर मधल्यामधी बसून खाईल मेली."

बाया हसल्या. मास्तर हसले. हौसाला मीठ मिळालं.

तिनं ते विचार करून मागितलं होतं. भाताची टोपली घेणारीला दोन रांगा मिळतात, आमटीच्या बादलीला दोन. पण मीठ सगळ्यांच्या आधी पानात पडतं, आणि ते वाढणारं माणूस एकच असतं. मांडवात बसलेला एकूण एक मनुष्य तिच्या नजरेखालून जाणार होता.

पहिल्या दिवशी तिच्या लक्षात आलं की मीठ वाढणारीकडे कोणी बघत नाही. माणसं एकमेकांशी बोलत असतात, नाहीतर पानाकडे बघत असतात. आणि वाकून वाकून तिलाही तोंडं दिसत नव्हती, टोप्या दिसत होत्या, हात दिसत होते. घड्याळ गेलेल्या मनगटावरचे फिकट पट्टे दिसत होते. गाड्या ओढून ओढून तळव्यांना पडलेले घट्टे दिसत होते. पंगती उठल्यावर तिनं परळच्या लोकांना विचारलं, शिवडीच्या लोकांना विचारलं. कुणी म्हणालं, सहदेव म्हणून पुष्कळ आहेत बाई. कुणी नुसतीच मान हलवली.

संध्याकाळी भांडी घासताना तुळसा म्हणाली, "मिळाला का गो तुझा राजा?"

"नाय."

"नाय तर नाय. उद्या मला सांग, मी शोधते. माझा पण एखादा हरवलेला असला तर सापडंल."

हौसा हसली नाही. मग तुळसाही हसली नाही. तिनं हौसाच्या पुढ्यातलं पातेलं ओढून आपल्याकडे घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईकरांची शेवटची पंगत बसली. जेवून गाड्या परत जाणार होत्या. कर्ण्यावर कुणी वक्ता मुलींच्या शिक्षणाविषयी सांगत होता, त्याचं बोलणं संपेपर्यंत पानं मांडून झाली. कातळ उंचसखल. पत्रावळ कलली की पातळ सगळं एका अंगाला वाहतं. म्हणून आमच्याकडे पानाखाली खडा लावतात. ज्याचा त्यानं आपापल्या पानाला लावायचा, त्यात विशेष काही नाही.

पण हौसाच्या लग्नात, नवरा-नवरीच्या पंगतीत, सहदेवनं आपलं पान तसंच ठेवून आधी तिच्या पानाखाली खडा सरकवला होता. दोन बोटांनी पानावर टिचकी मारून बघितली, खडा काढून दुसरा लावला, परत टिचकी मारली. ती लाजून खाली बघत होती. तो हळूच म्हणाला होता, "आमटी पळंल. इथल्या आमटीला पाय असतात." सात वर्षांच्या संसारात तो एकूण किती दिवस घरी होता कोण जाणे. पण लग्न म्हटलं की तिला ते वाक्य आठवायचं.

तिसऱ्या रांगेच्या मध्यावर ती आली तेव्हा एक डावा हात पुढे झाला आणि शेजारच्या छोट्या पानाखाली खडा सरकवू लागला. दोन बोटांनी टिचकी मारली. खडा काढून जरा मोठा लावला. परत टिचकी मारली.

"बाबा, दगड कशाला?" पानावर बसलेला चारेक वर्षांचा मुलगा विचारत होता.

"आमटी पळेल म्हणून."

"आमटीला काय पाय असतात?"

"इथल्या आमटीला असतात."

हौसाच्या हातातून मीठ पडलं ते चिमूटभर नव्हतं, मूठभर होतं.

"बाबा, हिनं बघा मला केवढं मीठ वाढलं!"

त्यानं मान वर केली.

तो जाडा झाला होता. केसांना तेल, अंगात इस्त्रीचा शर्ट. संपानं मोडलेला माणूस तिनं दोन वर्षं मनात धरला होता, तो हा नव्हता.

"हौसा," तो म्हणाला. आणि लगेच खालच्या आवाजात, "पुढं जा. लोकं बघतायत."

"अवो, आये वाट बघते तुमची."

"पंगत उठली की पाण्याच्या टाकीपाशी थांब. सगळं बोलतो. आता जा."

"मला एवढंच सांगा..."

"सांगतो म्हटलं ना. जा."

"अगं ए, मीठवाली, इकडं माणसं बसलीत!" रांगेच्या टोकाकडून कुणीतरी ओरडलं. ती पुढे गेली. पुढच्या पानांवर तिनं काय वाढलं, किती वाढलं, तिला कळलं नाही. पण मनात एक धीर होता. पंगतीतला शेवटचा माणूस जेवेपर्यंत मधून कुणी उठत नाही, ही रीत. तो तिथे बसला होता आणि रांग उठेपर्यंत बसणारच होता. मिठाचं भांडं तुळसाच्या हातात देऊन ती टाकीपाशी जाऊन उभी राहिली.

रांग उठली. टाकीपाशी एकच झुंबड झाली. माणसं चुळा भरत होती, पोरं पाणी उडवत होती. हौसा एका बाजूच्या खांबाला धरून प्रत्येक तोंड बघत होती. गर्दी विरळ झाली. तो आला नाही.

आली ती एक बाई. निळं नायलॉनचं लुगडं, हातात त्या मुलाचं बोट.

"ताई, जरा पाणी घालता का ह्याच्या हातावर? ह्याचे बाबा डोकं दुखतंय म्हणून गाडीत जाऊन बसलेत. धड जेवलेसुद्धा नाहीत."

हौसानं तांब्या उचलला. मुलानं हात पुढे केले.

"आई, हीच ती. जास्त मीठवाली."

"गप रे." ती बाई हसली. मोकळी हसणारी बाई होती. "तुम्ही सगळ्या राबताय हो उन्हात. आमच्यानं नसतं झालं."

हौसाचं एक वाक्य पुरलं असतं. बाईच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, हौसाच्या स्वतःच्या गळ्यातही होतं. तिनं वेगळंच विचारलं.

"गाव कुठलं तुमचं?"

"माझं इकडचं नाही, आम्ही तीन पिढ्या लालबागचे. ह्यांचं इथंच कुठंतरी. पण गावाला कुणी नाही ह्यांचं. आईबाप लहानपणीच गेले. म्हणून तर कधी आणतच नाहीत आम्हाला. ह्या वेळी माझे वडील शाखेचे चिटणीस, त्यांच्यापुढे नाही म्हणता येईना."

मुलाच्या बोटांवरून पाणी वाहून गेलं. हौसानं पदरानं त्याचे हात पुसले. बाई "येतो हं" म्हणाली आणि गाडीकडे निघाली. हौसा तिच्या मागे रस्त्यापर्यंत गेली. गाडीच्या उन्हाच्या बाजूचे पडदे ओढलेले होते. ड्रायव्हरनं भोंगा दिला, दार लागलं. ती हात वर करून थांबवू शकली असती. रस्त्यावर सखाराम मास्तर होते, समाजाची पुढारी माणसं होती. पण मुलगा खिडकीत आला आणि तिला बघून त्यानं हात हलवला. गाडी गेली.

ती मास्तरांपाशी गेली, सगळं सांगितलं. मास्तरांनी टॉवेलनं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते.

"बाई, चिटणिसांचा जावई तो. आज अधिवेशनाचा शेवटचा दिवस. आज हे काढलं तर सगळ्याचा विचका होईल. मी लिहितो त्यांना. नक्की लिहितो." आणि त्यांनी शिट्टी वाजवली. पानं उचलायची होती.

हौसानं पानं उचलली. तिसऱ्या रांगेत त्याची जागा तिला बरोबर सापडली. मुलाचं पान चाटून पुसून साफ होतं. नुसता मिठाचा ढीग एका कडेला. सहदेवच्या पानाखाली खडा नव्हता. आमटी कातळावर वाहून वाळली होती, भात तसाच होता. तिनं दोन्ही पानं इतर पानांत दुमडून खड्ड्यात टाकली.

दिवस मावळता ती वाडीत पोचली. जाईबाई ओटीवर बसून होती. तिनं काही विचारलं नाही. हौसानं वाटभर ठरवलं होतं काय सांगायचं ते, पण तोंडातून निघालं ते सरळच.

"आये, ते भेटले. बाई हाय बरोबर. पोरगा हाय."

जाईबाई अंगणाकडे बघत म्हणाली,

"केवढा झालाय आता?"

हौसाला आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग तिला समजलं. गोठ्यात गुरं हंबरत होती, त्यांना पाणी दाखवायचं होतं, आणि ती तशीच पायरीवर बसून राहिली.

"तुमाला म्हाईत व्हतं."

"पोर झालं त्या गणपतीला सांगितलान मला. पाय धरलान. म्हणाला, हौसाला सांगू नको." म्हातारीचा आवाज कापत नव्हता. "सांगितलं असतं तर तू ऱ्हायली असतीस? तू गेलीस तर मला कोण व्हतं गो?"

म्हणजे संप नव्हताच कारण. संपाच्या आधीपासून सगळं होतं. दर कुंकवाला अडलेला हात, भागोजीचं विचारणं, संध्याकाळी परड्यातल्या तुळशीपाशी वाट बघत उभं राहणं, सगळं म्हातारी बघत बसली होती. तिच्या घरात भात लागत होता, गुरांना पाणी मिळत होतं.

एक गोष्ट हौसाच्या जिभेवर होती. तुमच्या झिलानं तुम्हाला कधीच मारून टाकलंय, असं सांगितलं असतं तर म्हातारी जागच्या जागी कोसळली असती. हौसा उठली आणि गुरांकडे गेली.

पुढे सखाराम मास्तरांनी पत्र लिहिलं की नाही कुणाला ठाऊक. समाजाचं दुसरं अधिवेशन झालं नाही. मास्तर निवृत्त झाले आणि त्यांची शिट्टी नातवंडांच्या खेळण्यात गेली. भागोजीनं गावकीपुढे काडीमोडाचं काढलं, पण गावकी म्हणाली, नवऱ्यानं समोर येऊन बोललं पाहिजे. तो आला नाही. पावसाच्या आधी रामानं दुसरीशी लग्न केलं, आणि भागोजीही हळूहळू यायचा कमी झाला. तुळसा नवऱ्याबरोबर भांडुपला गेली. तिथे तिच्या बोलण्यावर म्हणे कुणी हसायला उरलं नाही.

सहदेव बरीच वर्षं जगला. तो गेल्याची बातमी वाडीत आली ती सहा-सात महिन्यांनी, दुसऱ्याच कुणाच्या तोंडून, बोलता बोलता. त्या दिवशी हौसानं बांगड्या फोडल्या. हळदीकुंकवाचा प्रश्न सुटला. तो मुलगा पुन्हा कधी इकडे आला नाही. त्याला आजी होती हेच त्याला माहीत नसणार.

जाईबाई सहदेवच्या आधीच, एकोणीसशे एक्याण्णवच्या शिमग्यात गेली. शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती, तिचं सगळं हौसाच करायची. जायच्या आदल्या दिवशीही विचारत होती, "पोर आता शाळंत जात असंल न्हाय?" हौसा म्हणाली, "जात असंल." "एकदा आणील तो मला दाखवायला." हौसा म्हणाली, "आणील."

हौसा अजून कोंडवाडीत आहे. त्याच घरात, एकटी. वाडीतली लग्नं आता हॉलमध्ये होतात, ताटं हातात घेऊन उभ्यानं जेवतात. बोलावलं तर ती जाते, कडेच्या खुर्चीवर बसते. कुणीतरी ताट आणून देतं. ती जेवते आणि घरी येते.