भिंतीतली बाई

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या मिस्त्रीला कंपनीत सगळे 'भुताटकी' म्हणायचे. सत्तावन्न वर्षांचा, केस पिकलेला, बिनलग्नाचा हा गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत ना पेपर वाचायचा ना पत्ते कुटायचा. हात दोनदा साबणाने धुवायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक जुनाट चित्रपुस्तक काढायचा आणि कोपऱ्याला धरून अलगद पान उलटायचा. मुखपृष्ठावर कवटी असायची, नाहीतर विहिरीतून वर येणारा हात.

'काळोख चित्रमाला' हे त्या पुस्तकांचं नाव. कुठल्याशा छापखान्याच्या मागच्या खोलीतून ती सहा वर्षं निघाली, एकतीस अंक झाले आणि बंद पडली. बंद पडल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढे छापखान्याच्या जागी टायरचं दुकान आलं. मिस्त्रीने पहिला अंक अकराव्या वर्षी वाचला, न्हाव्याच्या बाकावर नंबर लावून बसलेला असताना. तो इतका गारठला की न्हाव्याने तीनदा हाक मारली तरी त्याला उठवेना. तेव्हापासून तो त्या पुस्तकांचाच झाला. रद्दीची दुकानं, बंद पडलेली वाचनालयं, कुणाकुणाचे माळे असं धुंडाळत त्याने एकतीसच्या एकतीस अंक जमवले.

त्याची विधवा मोठी बहीण त्याच्याकडेच राहायची. ती म्हणायची, "अरे, लोक चार चांगल्या गोष्टी वाचतात. तू आपला मढी उकरत बसतोस."

"ताई, तू एकदा वाचून तर बघ."

"मला जिवंत माणसांचीच भीती पुरेशी आहे," म्हणून ती उठून जायची.

त्या पुस्तकांत काय आहे हे त्याला कुणी विचारलं असतं तर तो तासभर बोलला असता. पण विचारतंय कोण? कागद वरणाच्या रंगाचा. लाल शाईचा ठसा नेहमी जरा सरकलेला, त्यामुळे रक्त जखमेतून न येता जखमेच्या शेजारून वाहायचं. आणि ती चित्रं! चित्रकाराने एकाही पानावर सही केली नव्हती. पण त्याच्या भुतांना सुळे नसत, नखं नसत. ती दमलेली दिसत, दिवसभर राबून घरी यावं आणि दाराला कुलूप असावं तशी. एकोणिसाव्या अंकात 'भिंतीतली बाई' नावाची गोष्ट होती. तिच्या बाराव्या पानावर एकच मोठं चित्र. गवंडी भिंतीची वीट काढतो आणि आतून एक पांढराफटक चेहरा बाहेर बघतो. रागाने नाही. 'आलात का? फार उशीर केलात,' असं काहीसं त्या डोळ्यांत होतं. मिस्त्रीने ते पान हजारदा पाहिलं असेल, पण तिथे आला की त्याचा श्वास अजून अडकायचा.

एकदा एका जुन्या इमारतीची लिफ्ट अडकल्याची तक्रार आली. मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन गेला, तर दारावर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला: 'लिफ्ट बंद. जिना वापरावा. गुडघे ज्याचे त्याने सांभाळावेत.'

तो हसला, आणि हसता हसता थांबला. 'बंद'वरचा अनुस्वार गोल टिंब नव्हता. तो थेंबासारखा खाली ओघळलेला होता. 'ल'ची शेपटीही ओळखीची. चित्रमालेतल्या फुग्यांतले सगळे संवाद, सगळ्या किंकाळ्या याच हाताने लिहिल्या होत्या. त्याच्या हातातली पिशवी खाली पडली.

"हे कुणी लिहिलं?" त्याने पहारेकऱ्याला विचारलं.

"चौथ्या मजल्यावरच्या आजींनी. का? काही चुकलंय का?"

मिस्त्री चार मजले धावत चढला. दार एका सडपातळ म्हातारीने उघडलं. अठ्ठ्याहत्तरीची असेल. केस मोकळे, पांढरेशुभ्र; चेहऱ्यावर रंग असा नाहीच. धापा टाकत मिस्त्रीने एवढंच विचारलं, "काकू... काळोख चित्रमाला?"

म्हातारीने आधी आत पाहिलं, मग बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या अनुस्वाराने."

तिचं तोंड उघडंच राहिलं, आणि मग ती हसली. "अहो, तो माझा चावटपणा होता. छापखान्याच्या मालकांनी दोनदा झापलं मला त्यावरून. पंचेचाळीस वर्षांत तुम्ही पहिले."

चित्रकार तिचा नवराच होता. तो काढायचा, ती अक्षरं लिहायची. तो आत होता, बिछान्याला खिळलेला, ब्याऐंशी वर्षांचा. मिस्त्रीचे डोळे भरून आले. त्याने बोलायला सुरुवात केली तशी तिने त्याच्या दंडावर हात ठेवला.

"हळू बोला. त्या गोष्टींचं नाव या घरात काढायचं नाही. दोन वर्षं झाली, त्यांचं डोकं कामातून गेलंय. कोपऱ्यात कुणीतरी उभं दिसतं, पडद्याआड दिसतं. मी भिंतीवरचे फोटोसुद्धा उतरवलेत. तुम्ही भेटायला या, खुशाल या. माणूस आलं की त्यांना बरं वाटतं. पण पुस्तकं आणू नका. शब्द द्या."

मिस्त्रीने शब्द दिला.

मग तो दर रविवारी सकाळी जाऊ लागला. कधी म्हातारा त्याला डॉक्टर समजायचा, कधी धाकटा भाऊ. कधी चांगला असायचा. एकदा म्हणाला, "काळा हा काही एक रंग नाही. कोपऱ्यातला काळा वेगळा आणि दाराखालचा वेगळा. दाराखालचा जास्त वाईट."

"का हो काका?"

"त्याच्यामागे कुणीतरी उभं असतं ना!"

मिस्त्री तरंगतच घरी आला. ताईला म्हणाला, "आयुष्यात मला आणखी काही नको." ताई म्हणाली, "मग आता मटार सोल."

त्याला आणखी काहीतरी हवं होतं. तुमची पुस्तकं कुणीतरी जपली, हे त्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं असं त्याला वाटत होतं. सहाव्या रविवारी त्याने पिशवीत हत्यारांखाली एकोणिसावा अंक ठेवला. दाखवायचा नाहीच, असं स्वतःला बजावलं. नुसता जवळ असू दे.

त्या दिवशी म्हातारा अगदी शुद्धीवर होता. काकू म्हणाल्या, "तुम्ही आहात तोवर मी औषधं घेऊन येते, अर्ध्या तासात," आणि गेल्या. मिस्त्री पाच मिनिटं गप्प बसला. म्हातारा बोटाने चादरीवर रेघा ओढत होता, सफाईदार, न अडखळता. ते बोट बघून मिस्त्रीला राहवलं नाही.

"काका, हे ओळखता का?"

म्हाताऱ्याने अंक हातात घेतला आणि एकदम कारागीर झाला. "हा खांदा चुकलाय. पळणाऱ्या माणसाचा खांदा असा येत नाही. घाई होती तेव्हा." पान उलटलं. "हे बरं जमलंय." मिस्त्रीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. म्हाताऱ्याने आणखी पानं उलटली. बारावं पान आलं.

आधी आवाजच आला नाही. नुसतं तोंड उघडलं. मग तो असा ओरडला की शेजारची दारं उघडली. "आली! ती आली!" म्हणत त्याने अंक भिरकावला, पलंगावरून पाय टाकला आणि पळायला गेला. दोन वर्षांत जे पाय जमिनीला लागले नव्हते ते काय पळणार? काडकन आवाज झाला. मिस्त्रीने आधी काय केलं असेल? आधी अंक उचलून पिशवीत, हत्यारांखाली कोंबला. मग म्हाताऱ्याला उचललं. हा क्रम तो पुढे कधी विसरू शकला नाही.

काकू आल्या तेव्हा शेजारी जमलेले होते. "उठायला गेले आणि पडले," मिस्त्री म्हणाला. काकूंनी त्याचे दोन्ही हात धरले. "तुम्ही होतात म्हणून बरं. एकटे असते तर?"

खुबा मोडला होता. इस्पितळात तीन आठवडे काढले. मिस्त्री कामावरून सुटला की तिकडे जायचा. काकू खोलीबाहेरच्या बाकावर बसलेल्या असायच्या. आत गेल्या की म्हातारा किंचाळायचा, "ती आली, तिला बाहेर काढा," म्हणून तोंड फिरवायचा. शेवटी नर्सनेच सांगितलं, "आजी, तुम्ही बाहेर बसा, त्यांना त्रास होतो." मिस्त्रीला भरवू द्यायचा, नर्सला अंग पुसू द्यायचा. बायको मात्र दारात दिसली तरी नको.

"पन्नास वर्षांचा संसार," काकू एकदा बाकावर म्हणाल्या. "मनात काय साठवलं होतं माझ्याबद्दल, कोण जाणे."

"डोकं ठिकाणावर नाही त्यांचं. कोपऱ्यातलं काहीतरी दिसत असेल," मिस्त्री म्हणाला. त्याला खरोखर तसंच वाटत होतं. ते पान म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढून हलत नाही, एवढं त्याला कळत होतं, आणि तेवढंही त्याला जगू देत नव्हतं.

म्हातारा गेला. काकूंना त्याने शेवटपर्यंत जवळ येऊ दिलं नाही.

वाचनालयाच्या खोलीत छोटीशी शोकसभा झाली. जेमतेम अकरा माणसं. काकू म्हणाल्या, "तुम्हीच बोला. त्यांचं काम ओळखणारं दुसरं आहे कोण?" मिस्त्रीने चार पानं लिहून आणली होती. सरकलेल्या लाल शाईबद्दल, न केलेल्या सहीबद्दल, दमलेल्या भुतांबद्दल. शेवटी त्याने वाचलं, "हा माणूस आपल्याला घाबरवायचा, पण घाबरलेल्याला एकटं सोडायचा नाही." लोकांनी डोळे पुसले. काकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात त्याला सहन झाला नाही.

दोन दिवसांनी तो चौथ्या मजल्यावर गेला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. शब्द मोडला, पुस्तक दाखवलं, म्हणून ते पडले.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठलं पान?"

"एकोणिसाव्या अंकातलं बारावं. भिंतीतली बाई."

काकू हळूच खुर्चीत बसल्या.

"तो चेहरा माझा आहे," त्या म्हणाल्या. "दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं समोर. मला केस सोडायला लावले आणि तोंडाला पावडर थापली. दोन तास हलू दिलं नाही. हसत होतो आम्ही सारखे." त्यांनी स्वतःच्या गालावरून हात फिरवला. "तेव्हा पावडर लावावी लागली होती. आता तशीच दिसते."

मिस्त्रीने त्यांच्या मोकळ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

"म्हणजे माझ्यावर राग नव्हता त्यांचा. मी दारात आले की त्यांना ती दिसत होती. आणि मी नुसती बाहेर बसून राहिले. तोंडावर पदर घेतला असता तरी चाललं असतं. हाक तर ओळखली असती त्यांनी माझी. तुम्ही त्याच दिवशी सांगितलं असतंत तर..."

"काकू, मला..."

"जा तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "सांगितलंत ते बरं केलंत, असं मी म्हणणार नाही. जा."

त्याने दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. तिसऱ्या महिन्यात पहारेकरी म्हणाला की आजी भाचीकडे राहायला गेल्या, पत्ता ठेवला नाही. त्यांनी पोलिसांत जायला हवं होतं, चारचौघांत वाभाडे काढायला हवे होते, असं मिस्त्रीला वाटत राहिलं. तसं झालं असतं तर निदान काहीतरी फिटलं असतं.

एका दुपारी त्याने ताईला सगळं सांगितलं. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असणारी ताई हातातलं काम ठेवून उठली. मग त्याच्या शेजारी येऊन बसली.

"तू काही मुद्दाम नाही केलंस रे."

"पुस्तक आधी उचललं, ताई. ते खाली विव्हळत होते आणि मी आधी पुस्तक उचललं."

ताई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. थोड्या वेळाने कंपनीतून फोन आला. कुठेतरी दोन मजल्यांच्या मध्ये माणसं अडकली होती. मिस्त्री उठला, चपला घातल्या आणि गेला.