चिठ्ठीची वाट पाहणारे फावडे

मित्रांनो, मी एक जुने फावडे आहे आणि मला स्वस्थ पडून राहण्याची सवय नाही. एका लोहारखान्यात माझे पाते घडले, त्याला ॲश नावाच्या झाडाच्या चिवट लाकडाचा दांडा बसला आणि त्याच महिन्यात मी मिशिगनच्या उत्तर टोकाला, आमच्या आल्डर फॉल्स गावात आले. आर्वो लाहती रस्त्यांच्या कामावर रुजू झाला तो त्याच वर्षी. या एकतीस वर्षांत माझा दांडा दोनदा बदलला. आर्वो तोच आहे.

आमच्याकडे थंडीपेक्षा एप्रिल वाईट. दिवसा बर्फ वितळतो, पाणी डांबराच्या भेगांत शिरते. रात्री ते गोठून फुगते आणि रस्ता खालून उचलला जातो. मग वरून एखादी जड गाडी गेली की खड्डा पडलाच म्हणून समजा. गरम डांबराचा कारखाना मे महिन्याशिवाय चालू होत नाही, म्हणून आर्वो पोत्यातले थंड डांबर वापरतो. मी ते खड्ड्यात ओढायचे, पाठीने थोपटायचे आणि पुढच्या खड्ड्याकडे निघायचे. "आर्वोने बुजवलेला खड्डा उन्हाळा पाहतो," असे लोक म्हणत. त्यातली निम्मी वाहवा माझी होती, हे मी सांगितले तर गर्व समजू नका.

गावात एक रीत आहे. ज्याला खड्डा दिसेल त्याने गावकचेरीतल्या कारकून वर्नाला फोन करायचा आणि खड्ड्यात पाइनची फांदी रोवायची. फांदी म्हणजे खड्डा कळवला आहे. वर्ना चिठ्ठी लिहिते, आर्वो खड्डा बुजवतो. पण पूर्वी आर्वो चिठ्ठीसाठी अडून बसत नसे. वाटेत खड्डा दिसला की ट्रक थांबायचा आणि माझ्या अंगात जीव यायचा.

गेल्या मार्चमध्ये गावसभेत कुणीतरी उठून म्हणाले की, आर्वो आपल्या दोस्तांच्या गल्ल्या आधी बुजवतो. हे खोटे होते. मी साक्षीला आहे, पण फावड्याला कोण विचारतो? सभेने ठरवले की यापुढे चिठ्ठी नाही तर काम नाही. घरी जाताना आर्वोने ट्रकचे दार इतक्या जोरात आपटले की मी मागच्या हौद्यात आडवे झाले.

एप्रिलच्या एका बुधवारी गिरणीच्या टेकडीवर, उताराच्या वळणाशी, परातीएवढा खड्डा दिसला. आर्वोने ट्रक थांबवला. मला वाटले, आली आपली पाळी. पण तो रिकाम्या हातानेच उतरला, कडेच्या झाडाची फांदी तोडली, खड्ड्यात रोवली आणि पुन्हा गाडीत येऊन बसला. वर्नाकडे तो काही बोलला नाही. स्वतःच्या कामाची चिठ्ठी स्वतःच द्यायची आणि पुन्हा बोलणी खायची, हे त्याला नको होते. दुसरे कुणीतरी कळवेल, असे त्याने धरले.

आणि दुसऱ्यांनी काय धरले? फांदी आहे, म्हणजे कळवलेले आहे. आमची माणसे भिडस्त. एकदा सांगितलेले पुन्हा सांगून कुणाला त्रास द्यायचा नाही. बारा दिवस सगळे गाव त्या फांदीला वळसा घालून गेले. आम्हीही रोज तिथूनच जात होतो. मी हौद्यात खडखडत होते, पोत्यांवर आपटत होते. पुरे झाले, आर्वो, थांब आता, असे मला ओरडावेसे वाटे. परातीएवढा खड्डा घमेल्याएवढा खोल झाला.

तेराव्या दिवशी, सोमवारी, उशिराचा बर्फ पडला. आर्वोने भल्या सकाळी बर्फ ढकलणारे यंत्र फिरवले आणि त्याच्या पात्याबरोबर फांदीही गेली. खड्डा बर्फाने भरून रस्त्यासारखाच पांढरा झाला.

मंगळवारी औने कालिओ तिथून निघाली. औने चौऱ्याहत्तर वर्षांची. दर मंगळवारी ती गावातल्या आठ एकट्या म्हाताऱ्यांना आपल्या गाडीतून गरम जेवण पोहोचवते. बर्फात वळणाचा अंदाज चुकला, चाक खड्ड्यात गेले आणि गाडी चरात उतरली. औनेचे मनगट मोडले. आठ घरांचे सूप गाडीत सांडले.

वर्नाने चिठ्ठ्यांचा गठ्ठा तीनदा चाळला. त्या टेकडीची एकही चिठ्ठी नव्हती. आर्वोने स्वतःच्या हाताने एक लिहिली आणि तासाभरात आम्ही तो खड्डा बुजवला. वीस मिनिटे लागली.

दुसऱ्या दिवशी आर्वो मला घेऊन औनेच्या घरी गेला आणि काही न सांगता तिच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढू लागला. दार उघडून ती उभी राहिली. हाताला प्लास्टर होते.

"ती फांदी मी लावली होती, औने," तो म्हणाला. "कळवलं नव्हतं कुणालाच."

"का रे?"

"पुन्हा म्हणाले असते, आर्वो आपल्या मनाचं करतो."

"म्हणू द्यायचं होतंस. बोलण्यानं काय हाड मोडतं?" तिने प्लास्टरचा हात दाराच्या चौकटीला टेकवला. "कारिन माझ्या गाडीची किल्ली घेऊन गेली. म्हणते, आई, तुझे डोळे आता भरवशाचे नाहीत. डोळे चांगले आहेत रे माझे."

आर्वोने त्याच दिवशी तिच्या मुलीला, कारिनला, सगळे खरे सांगितले. पुढे गावसभेतही सांगितले. कारिनने शांतपणे ऐकून घेतले. पण आईचे वय झाले आहे, झाले तेवढे पुरे, असे म्हणून तिने गाडी विकून टाकली.

मित्रांनो, खड्डा दिसला तर त्याला वळसा घालून पुढे जाऊ नका. कुणीतरी सांगितले असेल असे धरू नका. दोनदा कळवले तर फार तर वर्ना कुरकुरेल. आणि ज्याच्या हातात फावडे आहे त्याने तर रुसून बसूच नये. मी एकतीस वर्षे हजारो खड्डे भरले, पण औनेची किल्ली काही मला परत आणता आली नाही.

आता मंगळवारी जेवणाचे डबे आर्वोच्या ट्रकमधून जातात आणि औने त्याच्या शेजारी बसते. मागे डबे असतात, म्हणून मी पुढे, औनेच्या पायाशी. गिरणीच्या टेकडीच्या उतारावर बोलता बोलता तिचा उजवा पाय खालचा पत्रा घट्ट दाबतो. तिच्या बाजूला ब्रेक नाही.