पुरवून ऐकलेलं

बायकोचा आवाज गेल्याचं कळलं तो दिवस तसा बरा चालला होता. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं, त्या मानानं बरा. नळवाल्यानं सकाळी एका दवाखान्याची तुंबलेली मोरी मोकळी केली, दुपारी घरी येऊन जेवला, आणि संध्याकाळी हातपाय धुऊन खिडकीजवळच्या खुर्चीत टॅब घेऊन बसला. निळ्या चौकोनावर बोट टेकवलं. एरवी तिथं बायको बोलायला लागायची. आज नुसती अक्षरं आली : या नावाचं काही सापडत नाही.

त्यानं पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा तेच.

बायको इंटरनेटच्या जोडण्या बघणाऱ्या कचेरीत होती. तारा ओढण्यापासून बंद पडलेली यंत्रं जागी करण्यापर्यंत सगळं करायची. आजार घशाशी येणार हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून तिनं रोज सकाळी थोडं थोडं बोलून साठवायला सुरुवात केली. काय वाटेल ते बोलायची. कपाटाची किल्ली कुठं असते, कचेरीत कोण कोणाशी भांडलं, त्याच्या मेलेल्या सासूनं त्याला पहिल्यांदा बघून काय तोंड केलं होतं. आणि म्हणाली होती, “अहो, बकाबका संपवू नका. पुरवून ऐका. म्हातारपणी लागेल.”

सुरुवातीचे कित्येक महिने त्याला ते ऐकवलंच नाही. पहिल्याच बोलण्यात ती खोकली आणि त्यानं टॅब पालथा घातला. मग हळूहळू आठवड्याला एक असं सुरू केलं. एकदा ऐकलेलं पुन्हा ऐकत नसे. पुढं भरपूर आहे, घाई कसली.

मुलगी कामावरून आली तेव्हा तो टॅब हातात धरून तसाच बसला होता.

“बाबा, नेट तर पळतंय. सकाळी रडत होतं, आता बघा, सिनेमासुद्धा लागतोय.”

“सगळं लागतंय. तिचंच लागत नाही.”

मुलीनं स्वतःच्या फोनवर बघितलं. तिथंही नाव सापडेना. “सकाळी तुम्ही नक्की काय केलंत?”

“कंपनीच्या त्या पोरीनं फोनवर सांगितलं तेच. नेटचा डबा बंद करून चालू केला.”

त्यानं ते काम आपल्या पद्धतीनं केलं होतं, एवढंच. नळकामात कुठलीही लाइन उघडायची तर आधी मुख्य कॉक बंद करायचा, खालचा नळ सोडायचा आणि पाइपात थेंब राहणार नाही इतका वेळ थांबायचं. अर्धवट रिकामी लाइन म्हणजे अंगावर पाणी. म्हणून त्यानं कपाटावरच्या डब्याची वायर काढली. तरी दिवा जळतच राहिला, तेव्हा मागं जोडलेली बॅटरीही काढली. दिवा विझला. दवाखान्याचं काम करून परत येईपर्यंत डबा तसाच कोरडा ठेवला आणि मग जोडला. काम चोख झालं होतं. नेट खरंच पळायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी बायकोची कचेरीतली मैत्रीण आली. दोघींनी एका टेबलावर उभी हयात काढली होती. आल्या आल्या ती म्हणाली, “भावोजी, चहा नंतर. आधी बघू कुठं पाणी मुरतंय.”

“तेच तर काम करतो मी जन्मभर, ताई. इथं मुरलेलं दिसत नाही.”

तिनं आपला लॅपटॉप डब्याला जोडला. आधी तार बघितली, तार ठीक. डब्यानं लॅपटॉपला पत्ता दिला का, दिला. बाहेर जायचा रस्ता आहे का, आहे. आकड्यांनी एक दूरचं यंत्र हाकारलं, त्यानं लगेच ओ दिली. मग ओळखीची चार नावं विचारली, चारही सापडली. शेवटी बायकोनं ठेवलेलं नाव विचारलं. नाही.

तिनं डब्याच्या मागं वाकून बघितलं. मग तिनं विचारलं, “ही बॅटरी तुम्ही काढली होती?”

“काढली होती. का?”

“असं बघा. हिचं बोलणं टॅबात नाही, दुसरीकडच्या एका यंत्रात आहे, टॅब त्याला नावानं हाक मारतो. यंत्रं एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. नावं आपल्यासाठी. कुठल्या नावाचा आकडा कोणता, ते कोणाला तरी विचारावं लागतं. हा डबा चालू झाला की कंपनीकडून सगळं आपोआप मागून घेतो. पत्ता, रस्ता, नावं कोणाला विचारायची तेही. आता तो कंपनीला विचारतोय. आणि कंपनीच्या वहीत हिचं नाव कुठून असणार?”

“मग आधी कसं सापडायचं?”

“हिनं डब्याला सांगून ठेवलेलं असणार, की आधी माझी यादी बघ, मग कंपनीला विचार. ती यादी डब्यातच होती.”

“मग आहे ना डबा.”

मैत्रिणीनं मान हलवली. “डब्याला दोन आठवणी असतात, भावोजी. एक चालू असतानाची आणि एक कायमची. बदल केला की तो कायमच्या आठवणीत टाकायला वेगळा हुकूम द्यावा लागतो. तो दिला नाही तरी सगळं नीट चालतं. वीज जाईपर्यंत.”

“आणि तिनं तो दिला नाही?”

“कचेरीत नवीन पोरं हा हुकूम विसरली की ही टेबल बडवायची. जतन केल्याशिवाय खुर्चीतून उठलात तर याद राखा, म्हणायची.” मैत्रीण हसायला गेली, ते जमलं नाही. “लोका सांगे ब्रह्मज्ञान. बॅटरी लावली होती ना, डबा कधी बंद पडणारच नाही, मग करू सावकाश, असं झालं असणार. शेवटी शेवटी तर ती हॉस्पिटलातूनच हे सगळं करत होती.”

नळवाला उठून आत गेला आणि पाणी पिऊन आला.

“आकडा गेला तर गेला. ते बोलणं ज्या यंत्रात आहे ते यंत्र कुठंय? तिथं जाऊन काढू.”

“तोच घोळ आहे. ते आमच्या कचेरीच्या मागच्या खोलीत होतं. मग साहेबांनी खाजगी यंत्रं काढायला लावली. मीच तिला म्हटलं, बाई, उचल, नाहीतर भंगारात जाईल. तिनं नेलं. म्हणाली, चांगली जागा मिळालीय. कुठली, ते मी विचारलं नाही. नाव तर चालत होतं, मग जागा कशाला विचारायची?”

मुलगी दारात उभी होती. “बाबा, एक तरी कॉपी करून ठेवायची होती हो.”

“नळाला दिवसरात्र पाणी असलं तर हंडे कोण भरून ठेवतं?” तो म्हणाला. आवाज चढला होता. मग खाली आला. “मला माहीतच नव्हतं तसं करता येतं.”

मैत्रिणीनं टॅब तपासला, मुलीचा फोन तपासला. दोन्हींना नाव लक्षात होतं, आकडा कोणीच ठेवला नव्हता. तिनं कंपनीत ओळख काढली. त्यांच्याकडे जुनं काही उरलेलं नव्हतं.

मग शोधाशोध सुरू झाली. बायकोनं गावभर लोकांच्या जोडण्या करून दिल्या होत्या, कितीतरी नुसत्या शब्दाखातर. छापखाना, वाचनालय, धुलाईचं दुकान, शिकवणीचे वर्ग. त्यातल्या निम्म्या ठिकाणी नळवाल्यानं पाइप टाकलेले होते, त्यामुळे दार उघडायला कोणी नाही म्हणत नव्हतं. तो पुढं, मैत्रीण लॅपटॉप घेऊन मागं. जिन्याखाली, पोटमाळ्यावर, संडासाशेजारच्या कोनाड्यात धुळीनं माखलेले डबे लुकलुकत असायचे. कुठला कशाचा, मालकालाही ठाऊक नसे.

छापखानेवाला म्हणाला, “वहिनींनी लावून दिलं तेव्हापासून आम्ही हात लावला नाही. चाललंय ना? मग हात कशाला लावायचा!”

नळवाल्याला त्याचा राग यायला हवा होता. उलट त्याला वाटलं, हा माणूस शहाणा.

मैत्रीण प्रत्येक ठिकाणी लॅपटॉप जोडून बघे आणि मान हलवे. वाचनालयातल्या एका यंत्राशी ती बराच वेळ बसली, तेव्हा तो भिंतीला हात टेकून उभा राहिला. त्यात पुस्तकांची यादी निघाली. शिकवणीचे वर्ग केव्हाच बंद होऊन तिथं टायरचं गोदाम झालं होतं. आधीचं सामान कुठं गेलं, गोदामवाल्याला माहीत नव्हतं.

हळूहळू विचारायच्या जागा संपल्या. मैत्रिणीचीही बदली झाली. जाताना ती म्हणाली, “यंत्र चालू असेल हो कुठंतरी. तिनं लावलेलं सहसा बंद पडत नाही.”

“चालू असेल,” नळवाला म्हणाला. “मला काय त्याचं?”

त्याला बोलून पस्तावा झाला, आणि त्यानं तिची बॅग उचलून गाडीपर्यंत नेऊन दिली.

मुलीनं एकदा विचारलं, आईची जी बोलणी ऐकलीत त्यातलं एखादं तरी सांगा, मी लिहून घेते. तो सांगायला बसला. किल्लीचं आठवलं, भांडणाचं आठवलं. शब्द आठवले, पण ती ते कशी म्हणाली होती ते येईना. मुलगी थोडं लिहून थांबली.

तिनं भरून ठेवलेल्या बोलण्यांतली बहुतेक त्यानं म्हातारपणासाठी ठेवली होती. ती ऐकायची राहिली आहेत.