सीटचा खटका

थोरल्याला जाऊन चार दिवस झाले नाहीत, तोच बाप मोडक्या ट्रकपाशी उभा होता. माणूस जातो, पोट जात नाही, आणि घरातली सगळी पोटं या एकाच ट्रकवर होती. विम्याचा सर्व्हेअर कुठल्याही क्षणी येणार होता.

खरं काय ते धाकट्याने दवाखान्यात बापाच्या कानात सांगितलं होतं. ट्रक तोच चालवत होता. थोरला शेजारी गाढ झोपलेला. धाकट्याला डुलकी लागली आणि ट्रक पुलाच्या कठड्यावर गेला. घाबरून त्याने पोलिसांना थोरल्याचं नाव सांगितलं, कारण त्याचं स्वतःचं लायसन्स कधीच संपलं होतं. "एवढी फेरी होऊ दे, मग बघू," म्हणत ते नवं करायचं लांबवलं कुणी? बापानेच! लायसन्स नसलेला चालवत होता म्हटल्यावर विमा कंपनी दारातही उभं करणार नव्हती. थोरल्याचं मात्र चोख होतं, आणि मेलेल्याला कोण विचारायला जातंय?

थोरली सून नवऱ्याचं सामान घ्यायला सोबत आली होती. ती पलीकडे चपला, पांघरूण गोळा करतेय असं बघून बाप केबिनमध्ये चढला. सीट पार पुढे ओढलेली. धाकटा बुटका, थोरला ताडमाड. बापाने खटका दाबला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून सीट मागे रेटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला, पण रेटली.

सर्व्हेअर भला माणूस. फोटो काढून झाल्यावर त्याने सुनेला हळूच विचारलं, गाडी तुमचे यजमानच चालवत होते ना. तिने सासऱ्याकडे एकदा पाहिलं आणि हो म्हणाली. मग जो तो म्हणू लागला, थोरल्याने झोपेत गाडी घातली, बिचारा भाऊ थोडक्यात वाचला. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

विमा मंजूर झाला. दुसरा ट्रक दारात आला, धाकट्याचं लायसन्सही झालं. बाप ट्रकपाशी उभा असताना सून बाहेर आली, केबिनमध्ये चढली, खटका दाबून सीट पार पुढे ओढली आणि खाली उतरली.

"मामंजी, भाऊजींचे पाय पुरत नाहीत," ती म्हणाली. "यांचे पुरायचे. त्या दिवशी खटका ऐकला होता मी, तरी पोरांसाठी हो म्हटलं. उद्या पोरं विचारतील, तेव्हा खरं तुम्हीच सांगायचं."

बापाने कशीबशी मान हलवली. तेवढ्यात थोरल्याची दोन्ही पोरं नवा ट्रक बघायला धावत आली, आणि बापाला त्यांच्याकडे बघवेना.