आमोस गुरुजींच्या माघारी

ट्रॅक्टर पारापाशी धडधडत उभा होता आणि भीमा बायकोवर खेकसत होता. ट्रॉलीत बाजरीची पोती, भांडी, दोन शेळ्या चढल्या होत्या. त्यांची लेक, पाचवीतली ज्ञानेश्वरीही चढली होती. तान्ह्या भावाला उसाच्या फडाकडेला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं.

कारभारी गुरुजी शाळेच्या ओट्यावरून बघत होते. आत आमोस गुरुजींच्या फोटोला हार घालायची तयारी चालली होती. वीस वर्षं शेजारच्या वर्गात शिकवणारा हा सोबती श्रावणात, फळ्यावर गणित मांडतानाच छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही. वय अवघं बावन्न. त्याच्यावर बोलायला कारभारींनी आठ दिवस खोडाखोड करून चार पानं लिहिली होती, तरी एकही वाक्य मनासारखं उतरलं नव्हतं.

आमोस गुरुजींची रीत गावाला पाठ होती. दसरा सरून टोळ्या ऊसतोडीला निघाल्या की ते ट्रॉलीत चढून बोचक्यावर ठाण मांडायचे. शाळेचं नाव काढायचे नाहीत. पाऊसपाणी, शेळीचं दूध, कुणाच्या सुनेची कुरबुर असं काहीबाही बोलत राहायचे. शेवटी मुकादम वैतागायचा आणि एखादं लेकरू खाली उतरायचं. दोन वर्षं ज्ञानेश्वरी अशीच गावात मागे राहिली. झोपायला आजी मालनबाईपाशी, जेवायला आमोस गुरुजींच्या घरी. ख्रिस्ती घर म्हणून गावानं नाकं मुरडली. पण गुरुजींच्या बायकोच्या, दयाबाईंच्या हातची भाकरी खाऊन पोरगी काही बाटली नाही, पाढे तेवढे तीसपर्यंत पाठ झाले.

कारभारी आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मग कुणाला न सांगता तडक ट्रॅक्टरकडे निघाले. उन्हानं रानातल्या भेगा अंगणापर्यंत आल्या होत्या. ट्रॉलीत चढताना पाय सटकला, बाया पदराआड हसल्या. ते बोचक्यावर बसले आणि काहीतरी बोलायचं म्हणून यंदा पाऊस बरा झाला म्हणाले. आमोस गुरुजींची बोलायची हातोटी त्यांच्याकडे नव्हती. बोलणाऱ्याची बोरं विकतात, गप बसणाऱ्याचे गहू पडून राहतात.

"गुरुजी, तोडीला येता काय? कोयता देऊ?" मुकादम कानिफनाथ म्हणाला. सगळी ट्रॉली हसली.

कारभारींचा हात खिशातल्या कागदांकडे गेला. त्या चार पानांत इथं चालेल असं एक अक्षर नव्हतं.

भीमानं मात्र हसणं आवरलं. "गुरुजी, तुमी चांगलं मानूस हाय. पन म्हातारीला दिसंना झालंय. दयाबाई लेकाकडं सुप्याला गेल्या. पोरगी जेवंल कुठं?"

"माझ्या घरी."

"तुमच्या बाईस्नी इचारलं का?" भीमाची बायको म्हणाली.

"न्हाई."

ती उठून उभी राहिली. मग तिनं पोरीला खाली उतरवलं, गुरुजीही उतरले, तसं कपड्यांचं गाठोडं त्यांच्या हाती दिलं. भीमा तान्ह्याचं काय म्हणून ओरडला.

"झोळी बांधीन बांधाला. त्याचं मी बघीन," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

ट्रॅक्टर शेवगावच्या रस्त्याला लागला. ज्ञानेश्वरी रडली नाही. धुरळा बसेपर्यंत तिकडंच बघत उभी राहिली. ओट्यावरून कुणीतरी कारभारींना भाषणाला हाका मारत होतं.

"गुरुजी, तुमी हितं कवापातूर हाय?" पोरीनं विचारलं.

"तुझी आई येईस्तोवर."

"आमोस गुरुजी बी आसंच म्हन्ले हुते."

कारभारींनी गाठोडं काखेत मारलं, पोरीचा हात धरला आणि विचार करायला सवड मिळू नये म्हणून भराभरा घराकडे चालू लागले. बायकोला काय सांगायचं, ते अजून ठरायचं होतं.