नावं खाणारा खोडरबर

मित्रांनो, मी एक जुना खोडरबर आहे. आज शेंगदाण्याएवढा दिसतो, पण जन्मलो तेव्हा विटेएवढा होतो. कारखान्यातून मला दोघांनी उचलून आणलं. हसू नका, निम्मं तरी खरं आहे.

माझ्या मालकिणीचं नाव डर्व्हला. ती आयर्लंडमधल्या गावोगावच्या कोर्टांत जाते. ज्या मुलांना घरी सांभाळणारं कोणी उरत नाही, त्यांनी कुठे राहायचं हे तिथे बंद दाराआड ठरतं. पूर्वी आत काय चालतं ते बाहेर कुणालाच कळत नसे. आता डर्व्हलासारख्या बातमीदारांना आत बसून लिहायची परवानगी आहे. अट एकच, मूल ओळखू येता कामा नये. म्हणून ती पेन्सिलीने लिहिते आणि नावं मी खातो. माणसांची, गावांची, शाळांची. एका खेड्याचं नाव तर इतकं लांबलचक होतं की दोन दिवस मला ढेकर येत होते.

एकदा नऊ वर्षांच्या एका मुलाचं प्रकरण निघालं. आई आजारी, आजी सांभाळायला तयार; पण आजीचं घर पाहून यायला अधिकारी मोकळा नाही, म्हणून पोरगा हिवाळाभर परक्या घरी. अखेर न्यायाधीशबाईंनी त्याला आजीकडे पाठवलं. मग त्याच्या वकिलाने त्याचे दोन प्रश्न वाचून दाखवले. "आजीच्या एकडोळ्या गाढवाला मीच चारा घालू का? आणि हे शाळेत कुणाला कळणार नाही ना?"

न्यायाधीशबाईंनी चष्मा पुसला. "पहिल्याला हो म्हणून सांगा. दुसरं मात्र त्या कोपऱ्यातल्या बातमीदार बाईंच्या हातात आहे."

डर्व्हलाने सगळी नावं मला चारली. गाढव तेवढं ठेवलं, कारण त्याच्यावाचून बातमी कोरडी झाली असती. मीही ते मागितलं नाही. पोट भरलं होतं.

नंतर ती चौकातल्या मिसेस गिलहूलींच्या भाजी-पावाच्या दुकानात बन खायला गेली.

"काय गं, आज कोर्टात काय शिजलं?"

"हवा छान आहे, नाही?"

"नको सांगूस, जा! मीच तुला बातमी देते. काल ते एकडोळं गाढव दुकानात शिरून माझे कोबी फस्त करून गेलं. छाप ते पेपरात! नाव नको लिहूस, पाळण्यातलं पोरसुद्धा ओळखतं त्याला इथे."

डर्व्हलाला ठसकाच लागला. गाडीत बसताच तिने मला असं घासलं की माझा एक कोपरा गेला. गाढवाच्या जागी 'एक पाळीव प्राणी' आला. (आणि हुशार मुलांनो, गाढव शोधायला निघू नका. ते गाढव नव्हतंच. खरं काय ते माझ्या पोटात आहे.)

महिन्याभराने आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. मिसेस गिलहूली पेपर वाचून तणतणत होत्या. "हिवाळाभर ताटकळलं बिचारं! त्या साहेबांनाच बसवा थंडीत! कुठल्या लांबच्या गावचं पोर, कुणास ठाऊक!"

समोर, कोर्टात पाहिलेल्या त्या आजीचा हात धरून तोच पोरगा उभा होता.

"हो ना, बिचारा," तो म्हणाला. "मला जरा जास्त गाजरं द्या."

मित्रांनो, कुणाच्या घरचं दुःख सांगायची वेळ आली तर जरूर सांगा, दडपू नका. फक्त ते पोर तुमच्या शेजारीच गाजरं घ्यायला उभं आहे असं समजून सांगा.