कुरकुर बंद

आई स्कूटर काढत होती तेव्हाच माझ्या हातात माझ्या जुन्या मोटारीच्या मागच्या चाकाचा ड्रम सुटून आला. ब्रेकचे लायनर, जे ड्रमला घासून गाडी थांबवतात, ते तेलाने थबथबले होते. काल चौकात ब्रेक दाबूनही गाडी पुढे का सरकली, ते आता डोळ्यांसमोर चकाकत होतं.

ब्रेकच्या तेलाचा पाइप फुटला असेल म्हणून चाचपून बघितला, तर कोरडा ठणठणीत. वास घेतला. हे ब्रेकचं तेल नव्हतंच, हे तर शिलाई मशीनचं!

"बाबा!" मी किंचाळले.

बाबा तेलाची बुधली घेऊनच आले. घरात काही कुरकुरलं की त्यांचे हात शिवशिवतात. दारं झाली, पंखे झाले, माझ्या नव्या चपलासुद्धा सुटल्या नाहीत.

"फार कुरकुरत होती बिचारी," ते कौतुकाने म्हणाले. "चाकामागे रबरी बूच आहे ना, ते काढून चार थेंब सोडले. बघ, कशी गप्प झाली!"

"चार थेंब? न्हाऊ घातलंय तिला! अहो, ब्रेकला कोणी तेल पाजतं का? जीव गेला असता माझा!"

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, माझ्या काळजीने. पण आई नुकतीच स्कूटरवरून बाहेर पडली होती, त्या उघड्या फाटकाकडे ते बघत होते. फाटकापासून थेट हमरस्त्यापर्यंत उतार आहे.

"सकाळी तिच्या स्कूटरचीही कुरकुर बंद केली गं," ते पुटपुटले. "दोन्ही चाकांची."